देवळामागचे अनोळखी झाड

(आपल्या गावच्या श्री मारुती मंदिराच्या कलशारोहण समारंभात केलेले भाषण. वक्ते तहसील कार्यालयात लिपिक आहेत.)



माझ्या आधी बोललेल्या मान्यवरांनी वर्गणी, बांधकाम आणि श्रमदान यांचा वृत्तांत आपणांस सांगितला. माझे शिक्षण एस.एस.सी.पर्यंतचे. नोकरी आवक-जावक नोंदवहीची. अशा माणसाला भाषणाला का उभे केले, असे काहींना वाटले असेल. कारण एकच. आपल्या सभामंडपाचे काम एक वर्ष लांबले, आणि त्या लांबण्याला मी कारणीभूत आहे असे गावात बोलले जाते. ते खरे आहे. म्हणून तो हिशोब आपल्यापुढे मांडण्याची समितीने मला आज्ञा केली आहे.

देवळाच्या मागच्या अंगाला, आग्नेय कोपऱ्यात जे झाड उभे आहे त्याची ही हकीकत आहे.

हे झाड आपण सर्वांनी जन्मापासून पाहिले आहे. त्याच्या सावलीत आपण गोट्या खेळलो, लग्नाच्या पंगती उठवल्या. पण त्याचे नाव काय, असे विचारले तर म्हातारी माणसे म्हणत, "देवाचं झाड." तरणी म्हणत, "जंगली झाड." दोन्ही नावांनी काम भागत होते, कारण त्या झाडाबद्दल कोणाला काही करायचे नव्हते.

करायची वेळ आली ती नवा नकाशा आला तेव्हा. जुना सभामंडप आठ लाकडी खांबांचा होता. नवा मोठा, आणि त्याचा मागचा एक खांब नेमका झाडाच्या बुंध्यावर येत होता. गवंड्यांनी पाड बांधण्याच्या निमित्ताने मांडीएवढी एक फांदी आधीच उतरवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरून देवळापुढे बाचाबाची झाली. एक पक्ष म्हणे, देवाच्या दारचे झाड तोडू नये. दुसरा म्हणे, देवाचे देऊळ मोठे होत असताना एका जंगली झाडाचे काय कौतुक? कार्तिक महिना होता. पुढच्या हनुमान जयंतीला कलश चढवायचा ठरले होते आणि ठेकेदार रोज फोन करीत होता.

बैठकीत सर्वानुमते असे ठरले की, कायद्याने परवानगी मिळत असेल तर झाड काढावे, नसेल तर ठेवावे. आणि कायद्याचे काम माझ्याकडे आले. कचेरीत बसतो तो माणूस कायदा जाणतो, असा आपल्याकडे समज आहे. तो मोडावा असे मलाही वाटले नाही.

आता कायदा असा आहे. वृक्षतोडीचे नियमन करणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९६४ सालचा. त्याला एक अनुसूची जोडलेली आहे आणि तीत सोळा नावे आहेत. अर्ज भरायला बसलो. अर्जदार, गाव, जागा हे सगळे झाले, आणि "झाडाची जात" या रकान्यापाशी लेखणी थांबली. वीस-बावीस वर्षे मी दुसऱ्यांचे अर्ज तपासतो. रकाना कोरा असेल तर अर्ज परत करतो. तोच रकाना माझ्यापुढे कोरा. "देवाचे झाड" असे लिहून चालणार नव्हते.

चार लोकांना विचारले. शाळेतील एका गुरुजींनी कळंब सांगितले. एका शेतकरी बंधूंनी भोकर सांगितले. तिसऱ्याने उंबराचाच एक प्रकार म्हणून सांगितले. माझ्या पुतण्याने मोबाईलवर पानाचा फोटो काढला, तर त्या यंत्राने एकाच झाडाची तीन वेळा तीन नावे दिली. लाजेची गोष्ट अशी की, मी त्या रकान्यात पेन्सिलीने "भोकर" असे लिहूनही टाकले होते. पेन्सिलीने लिहिले एवढीच माझी अक्कल त्या दिवशी शाबूत होती.

मग मी विचार केला. नाव कळत नसेल तर निदान कोणते नाव नाही हे तर कळेल. अनुसूचीतील सोळा नावे घेऊन मी झाडाखाली गेलो आणि एकेक नाव खोडत गेलो. मंडळी, हे काम ज्याला डोळे आहेत तो कोणीही करू शकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

झाडाचे पान हाती घेतले की पहिला प्रश्न असा विचारायचा, की हे एक पान आहे की पुष्कळ लहान पानांचे मिळून एक पान आहे? चिंचेचे जे आपण पान म्हणतो ती पर्णिका असते. खरे पान म्हणजे ती सबंध काडी. आपले झाड एकेरी पानाचे. त्यामुळे चिंच गेली, खैर गेला, पाच-सात पर्णिकांचा बिजा गेला, पळसासारखा तीन दलांचा तिवस गेला, आणि जोडपानाचा अंजनही गेला. पाच नावे एका प्रश्नात निकालात निघाली.

दुसरा प्रश्न असा, की फांदीवर पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? आपल्या झाडाची एकाआड एक. सागाची पाने समोरासमोर, शिवाय सागाचे कोवळे पान हातावर चोळले की तळवा लाल होतो. हळदूची समोरासमोर आणि पिंपळासारखी हृदयाच्या आकाराची. चंदनाची समोरासमोर. जांभळाचीही समोरासमोर, आणि पान उजेडात धरले तर कडेच्या आतून एक बारीक शीर कडेकडेने धावताना दिसते. चार नावे आणखी गेली.

तिसरा प्रश्न चिकाचा. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर मोह किंवा फणस असण्याचा संभव. येथे टिपूसही नाही. मग राहिले ऐन, किंजळ आणि हिरडा. ही तिन्ही एका गोत्रातील. त्यांच्या पानाच्या पाठीवर देठाजवळ, किंवा देठावरच, तिळाएवढ्या गाठी असतात. पान उलटे करून अंगठ्याने चाचपावे म्हणजे लागतात. येथे लागल्या नाहीत. आंबा तर पोरही ओळखते. शेवटचे नाव तिवराचे, म्हणजे समुद्राच्या खारट चिखलातल्या झाडांचे. ते खोडायला झाडाखाली जाण्याची गरज नव्हती. वऱ्हाडात पिण्याच्या पाण्याचे हाल, समुद्र कुठून यायचा?

सोळाही नावे खोडली गेली. म्हणजे आपले झाड अनुसूचीत नव्हते. त्या संध्याकाळी ही गोष्ट मला एकट्याला कळली आणि तीन दिवस मी ती कोणाला सांगितली नाही, हे आज सर्वांसमक्ष कबूल करतो. कारण त्याचा अर्थ असा होत होता की, सोळा झाडांना मिळणारे संरक्षण या झाडाला नाही, आणि बैठकीत ठरल्याप्रमाणे ते काढायला मोकळीक होती. मी झाडाच्या बाजूचा होतो. आमच्या वडिलांचा शेवटचा आजार चालू होता तेव्हा त्यांची खाट तेथेच टाकलेली असे.

चौथ्या दिवशी अध्यक्षांकडे गेलो. खरे ते सांगितले, आणि एक विनंती केली की, जे तोडायचे त्याचे नाव तरी कळू द्या. नाव न लावता कचेरीत कागदसुद्धा फाडत नाहीत. अध्यक्ष हसले. म्हणाले, "किती दिवस लागतील?" मी म्हणालो, "पंधरा दिवस." पुढे त्याचे सहा महिने झाले.

पहिल्यांदा उतरवलेली फांदी घेऊन आपल्या गावच्या सुतारबुवांकडे गेलो. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि परतवाड्याच्या लाकूड आगारातून मेळघाटचे लाकूड निवडून आणण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी लाकूड हातात घेऊन तोलले, नख रोवले, वास घेतला, रंध्याचे दोन हात मारले आणि म्हणाले, "हे सागवान नाई, हे निंब नाई, अन् बाभूय तं नाईच नाई. बाभयीपेक्षा हलकं हाय, पांगाऱ्यापेक्षा लय जड. पन नाव मले नाई सांगता येत. हे लाकूड दुकानात कधी आलंच नाई."

त्यांचे हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. बाजारात येणारे लाकूडच बाजारात ओळखतात. साग, बिजा, हळदू, ऐन, खैर यांना भाव आहे, म्हणून त्यांना जाणकार आहेत.

लाकूड कसे पाहायचे ते बुवांनी मला शिकवले, आणि पुढे महाविद्यालयात भिंगातून तेच पुन्हा पाहिले. जुने, उन्हापावसात राहिलेले कोणतेही लाकूड वरून करडेच दिसते, त्यामुळे वरच्या रंगावर जाऊ नये. ताजा काप घ्यावा. तोही लांबीचा नव्हे, आडवा, म्हणजे मुळ्याची चकती काढतो तसा. धारदार पात्याने तो गुळगुळीत करावा, ओल्या बोटाने पुसावा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावा. त्यात बारीक छिद्रे दिसतात. त्या झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. सागात वर्षाच्या वाढीच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग असते, म्हणून वर्षाची कडी स्पष्ट दिसते. मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेघा म्हणजे किरण. मधला गाभा आणि बाहेरचे रसकाष्ठ यांचे रंग वेगळे आहेत की एकच, हेही पाहायचे. खैराचा गाभा लाल, हळदूचे लाकूड पिवळे, सागाला तेलकट हात लागतो आणि चामड्यासारखा वास येतो, चंदनाचे तर सांगायलाच नको. बिजाचा तुकडा पाण्यात टाकला तर ते पाणी उन्हात निळसर झाक मारते. याच लाकडाचे पेले मधुमेहवाले विकत घेतात.

आपल्या फांदीचे लाकूड करडसर-फिके तपकिरी, गाभा वेगळा न दिसणारे, मध्यम कठीण आणि चिवट निघाले. वासाने काही सांगितले नाही. महाविद्यालयात मला समजावून देण्यात आले की, लाकडावरून बहुधा झाडाच्या गोत्रापर्यंत जाता येते, जातीपर्यंत क्वचित. देहरादूनला १९०६ साली स्थापन झालेली वन संशोधन संस्था आहे. तेथे लाकडाचे हजारो नमुने नावानिशी ठेवलेले आहेत आणि त्यांच्याशी ताडून पाहतात. तरीसुद्धा पान, फूल, फळ सोबत असेल तर काम सोपे होते.

येथे एक गोष्ट ओघात सांगतो. बुवांना हुरूप आला आणि त्यांनी आपल्या जुन्या सभामंडपाचे आठही खांब तासून पाहिले. ऑइलपेंटचे थर निघाल्यावर त्यांतले सहा सागाचे निघाले. दोन निघाले ऐनाचे, ज्याला आपल्याकडे साजडही म्हणतात. तपकिरी, त्यात काळपट पट्टे. आता जुन्या वहीत आठही खांब सागाचे म्हणून नोंद आहे आणि देणगीदारांची नावेही आहेत. त्या दोन खांबांपुढे कोणाच्या आजोबांचे नाव आहे ते मी सांगणार नाही. ऐनाचे लाकूडही चांगले टिकाऊ असते आणि ते दोन खांब आपला भार निमूटपणे वाहत होते. (हशा.)

तर पुढे. अमरावतीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. रजा टाकून त्यांच्याकडे गेलो. सोबत लाकडाचा तुकडा आणि एका पिशवीत कोंबलेली चार-सहा पाने. त्यांनी पिशवी उघडली आणि माझ्याकडे असे पाहिले की, आम्ही अपुऱ्या कागदपत्रांच्या अर्जदाराकडे पाहतो तसे. म्हणाले, "पाने कुस्करली आहेत. फांदी नाही, फूल नाही, फळ नाही. मला दोन-तीन नावांचा अंदाज आहे, पण मी सांगणार नाही. तुम्ही ते लिहून टाकाल." पेन्सिलीने लिहिलेले "भोकर" माझ्या डोळ्यांपुढे आले.

त्यांनी मला नमुना करण्याची रीत लिहून दिली. ती अशी. हातभर फांदी पानांसकट कापावी. वर्तमानपत्राच्या घडीत पाने नीट पसरून ठेवावी, एखादे पान उलटे ठेवावे म्हणजे पाठही दिसते. वर वजन ठेवावे. कागद रोज बदलावा, नाहीतर बुरशी येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे त्याच दिवशी चिठ्ठी लिहावी. तारीख, गाव, जागा, झाडाची उंची, सालीचा रंग, फुलाचा रंग आणि वास, लोक काय म्हणतात ते नाव. कारण वाळल्यावर रंग आणि वास उडून जातात आणि चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पाचोळा. हे काम माझ्या हातचे होते. आवक क्रमांक घालायचा एवढेच. आमच्या घरी पाटा-वरवंटा चार महिने या कामी अडकला. त्याबद्दल घरच्या मंडळींनी जे सोसले त्याचा उल्लेख आभारप्रदर्शनात व्हावा.

प्राध्यापक महाशयांनी असेही सांगितले की, आपल्या भागातील झाडांची नोंद काही आजची नाही. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात छापला, पण वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हते. १९०३ पासून ते मध्य प्रांताला जोडलेले होते. म्हणून वऱ्हाडच्या जंगलातील झाडे, झुडपे, वेलींची निराळी यादी विट नावाच्या गृहस्थांनी केली. ती १९१६ साली छापली गेली. आणि पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे पश्चिम विभागाचे कार्यालय आहे, तेथे वाळवलेल्या नमुन्यांचे भांडार आहे.

मग वाट पाहणे आले. पौषात झाडाची पाने पिकून गळू लागली, आणि काही लोक म्हणाले, बघा, वाळलेच, आता काढून टाका. ठेकेदाराने दुसरे काम धरले. गावात दोघे-तिघे माझ्याशी बोलेनासे झाले. माघात एके दिवशी सकाळी अंघोळ करून देवळात गेलो, तर मधमाश्यांचा आवाज. वर पाहतो तो उघड्या फांद्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस! आम्ही इतकी वर्षे त्याच्याखाली बसलो, पण ती फुले कोणी पाहिली होती? फूल एवढेसे, पाच पाकळ्यांचे, आणि मंद वासाचे.

नमुना घेऊन पुन्हा अमरावती. प्राध्यापकांनी एक फूल सुईने उकलले आणि मला भिंगातून पाहायला लावले. फुलाच्या मधोमध जी काडी असते तिला कुक्षिवृंत म्हणतात. ते म्हणाले, "हिला किती फाटे आहेत ते मोजा." मी मोजले, दोन. "भोकराच्या काडीला आधी दोन आणि मग त्या प्रत्येकाला दोन, असे चार फाटे फुटतात. म्हणून हे भोकर नाही. पण भोकराच्या भाऊबंदकीतले आहे. फळे धरली की एक घेऊन या."

म्हणजे भोकर सांगणारे आमचे शेतकरी बंधू सगळ्यांत जवळ पोचले होते. चुलत घरापर्यंत गेले, सख्ख्या घरात शिरले नाहीत.

चैत्र-वैशाखात फळे धरली. ज्वारीच्या दाण्याएवढी, आधी हिरवी, मग केशरी-लालसर, पुढे काळपट. भोकरासारखा चिकट गर नाही. पिकलेले फळ बोटांनी दाबले की आत चार बिया, चार फाकींत अलग होणाऱ्या. ही शेवटची खूण. पान गुळगुळीत, कडा सरळ, वरून गडद आणि खालून फिके. फांदीवर एकाआड एक. साल पातळ आणि राखी. लाकूड फिके आणि चिवट. सगळे जुळले. प्राध्यापकांनी चिठ्ठीवर शाईने नाव लिहिले: एरेशिया लेविस.

हे नाव विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश डॉक्टरांनी दिलेले आहे. १७९३ पासून ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. एरेट नावाचा एक जर्मन चित्रकार होऊन गेला. तो झाडापानांची चित्रे काढी, त्याच्या नावावरून या गोत्राला एरेशिया म्हणतात, आणि लेविस म्हणजे गुळगुळीत. मला त्या चित्रकाराचे बरे वाटले. आमच्यासारख्या हाताखालच्या माणसाचे नाव झाडाला लागले.

पण मराठी नाव? ग्रंथांत दातरंग असे मिळते. साल-पान चावले की तोंड रंगते म्हणून दातरंग. ते नाव आपल्या गावात कोणी कधी ऐकले नव्हते. आणि ते नाव सांगत मी घरी बसलो असताना माझ्या मामेसासूबाई आर्वीकडून आल्या होत्या, वर्धा जिल्ह्यातल्या. वय ऐंशी. त्यांनी पाट्याखालची फांदी पाहिली आणि म्हणाल्या, "अहो जावईबापू, हे तं खंडूचक्का हाय. एवढ्यासाठी तुमी अमरावतीले चकरा मारल्या? हातपाय मुरगळला, मार लागला तं याचा पाला वाटून बांधते आमच्याकडं. मले इचारलं असतं तं कार्तिकातच सांगतलं असतं."

मी काय बोलणार? विचारले नव्हते हे खरेच. मी गुरुजींना विचारले, सुतारबुवांना विचारले, यंत्राला विचारले, पण स्वयंपाकघरात कोणाला विचारावे असे मला सुचले नाही. मात्र त्यांनी कार्तिकात सांगितले असते तर मी विश्वास ठेवला असता का? पेन्सिलीने एक नाव खोडून दुसरे लिहिले असते, इतकेच. एका गावात एका झाडाला एक नाव आणि चाळीस मैलांवर दुसरे, आणि कधी दोन निराळ्या झाडांना एकच नाव, म्हणून तर त्या परक्या भाषेतील नावाची गरज पडते. वर्धा-नागपूरकडच्या आयुर्वेदाच्या अभ्यासकांनी खंडूचक्क्यावर लेख लिहिले आहेत असे पुढे समजले. तरी माताभगिनींना हात जोडून सांगतो, हाड मोडले असेल तर आधी दवाखान्यात नेऊन फोटो काढावा.

आता अखेरची गोष्ट. याच झाडाला तिसरे एक नाव आहे, आणि ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. आळंदीला ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीपाशी जो अजानवृक्ष आहे तो वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते याच जातीचा. एरेशिया लेविस. आपल्यातील कितीतरी वारकरी त्या वृक्षाखाली पारायणाला बसून आले, त्याला नमस्कार करून आले, आणि परत येऊन आपल्या देवळामागच्या झाडाला जंगली झाड म्हणत राहिले.

माउलींनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली समाधी घेतली. पुढे सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांच्या स्वप्नात त्यांनी येऊन सांगितले की, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथांच्या अभंगात ही हकीकत आहे. नाथ आळंदीला गेले, समाधीचा शोध लावला, मुळी दूर केली आणि त्या स्थानाचा जीर्णोद्धार केला. हे मी समितीच्या बैठकीत सांगितले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्या एका वयोवृद्ध सभासदांनी एवढेच विचारले, "नाथांनी मुळी काढली. झाड काढलं का?"

मी म्हणालो, "नाही काढले."

ठरावाचे काम तेथेच झाले. मंडपाचा मागचा एक खण कमी केला. नकाशा बदलण्याचे पैसे, ठेकेदाराचे वाढीव पैसे, आणि हनुमान जयंतीचा हुकलेला मुहूर्त, हे सगळे त्यापायी झाले आणि तो खर्च हिशोबात दाखवलेला आहे. आज मागच्या बाजूला जी मंडळी उन्हात उभी आहेत, ती त्या कमी झालेल्या खणामुळे उभी आहेत. त्यांची मी क्षमा मागतो. त्यांनी थोडे डावीकडे सरकावे, तेथे त्याच झाडाची सावली आहे.

एका गोष्टीला मात्र मी त्या बैठकीत विरोध केला आणि आजही करतो. काही उत्साही तरुणांनी सुचवले की, तेथे "अजानवृक्ष" अशी पाटी लावावी, कठडा बांधावा आणि पेटी ठेवावी. मंडळी, जात एक आहे, झाड ते नव्हे. आळंदीचे झाड आळंदीला आहे. आपल्या झाडाखाली कोणी संत बसले होते असा कागद आपल्याजवळ नाही. ज्याचा पुरावा नाही ते मी कचेरीत लिहीत नाही, मग देवळात कसे लिहू? पाटी लावली आहे ती आपण पाहिलीच असेल: "दातरंग अथवा खंडूचक्का", आणि खाली बारीक अक्षरात शास्त्रीय नाव. वाळवलेला एक नमुना महाविद्यालयाने ठेवून घेतला आहे, त्यावर आपल्या गावाचे नाव आहे. अर्जाचा तो कागद मी कधी पाठवलाच नाही. पेन्सिलीने लिहिलेले भोकर त्यावर तसेच आहे.

जाता जाता एक काम सांगून मी माझे दोन शब्द संपवतो. नाल्याच्या पलीकडे, जुन्या पांदणरस्त्याच्या वळणावर आणखी एक झाड आहे. पाने समोरासमोर, चीक नाही, साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. पानाच्या पाठीवर, देठाजवळ, गाठी लागतात. माझा अंदाज आहे, पण मी तो सांगणार नाही. गुराख्यांनी आणि शाळेच्या मुलांनी लक्ष ठेवावे आणि फुलोरा आला की मला घरी येऊन सांगावे. पाटा मोकळा आहे.